जुनी लोखंडी होडी दुरुस्त करायचीय? आधी वेल्डर पारखा



उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं सरतं आणि होड्या काठावर येतात. दुरुस्तीचे दिवस हेच. एकदा पाणी चढायला लागलं की होडी उलटी करायला ना जागा राहते, ना वेळ. यंदा मासेमारी करणाऱ्या काही गटांनी जुन्या लोखंडी होड्यांच्या दुरुस्तीसाठी संघाकडे कर्जाचे अर्ज दिले आहेत. बहुतेक अर्जांत एकच ओळ आहे, 'वेल्डिंग खर्च', आणि तिच्यापुढे आकडा. वेल्डर कोण, किती पत्रा बदलणार, कोणता पत्रा वापरणार, याचा कुठे उल्लेख नाही. म्हणून या महिन्याचा पाठ याच विषयावर घेतला आहे.

"ताई, आम्हाला वेल्डिंगमधलं काय कळतंय?" असं बैठकीत लगेच कुणीतरी म्हणतं. मी समाजकार्य शिकले. वेल्डिंगचा होल्डर मलाही चालवता येत नाही. पण चांगला गवंडी निवडायला स्वतःला भिंत बांधता यावी लागत नाही. माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो. गोधडी शिवताना कुठलं कापड टाका धरेल आणि कुठलं फाटेल, हे बोटांना कळतं. वेल्डर पारखायला हेच शहाणपण लागतं, फक्त ते लोखंडाला लावायचं.

आणि ते लावायलाच हवं. गेटचा जोड सुटला तर गेट लोंबकळतं. होडीचा जोड पाण्याच्या मध्यावर सुटला तर आत आपलीच माणसं असतात. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, हे आपण कुणी विसरलेलो नाही. तिथे कारण वारा होता, वेल्डिंगचा संबंध नव्हता. पण पाण्यावर सावरायला वेळ मिळत नाही, हे त्या दिवशी सगळ्या काठाने पाहिलं.

वेल्डिंग म्हणजे लोखंडाची शिवण

वेल्डर विजेच्या ठिणगीने दोन पत्र्यांच्या कडा वितळवतो, रॉडचं लोखंड त्यात मिसळतं आणि थंड झाल्यावर एकजीव जोड होतो. पण हा जोड बाजूच्या पत्र्याइतकाच भक्कम असतो. विरलेल्या लुगड्याला कितीही जाड ठिगळ लावा, पहिल्या ओढीला टाक्याच्या शेजारचं कापड फाटतं. गंजून पातळ झालेल्या पत्र्याचं तसंच. नवा तुकडा मजबूत राहतो आणि त्याच्या कडेला नवं भोक पडतं.

या पाठातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : जो वेल्डर आधी पत्रा तपासतो आणि मग भाव सांगतो, तो आपल्या कामाचा. जो आधी भाव सांगतो, त्याने होडी अजून पाहिलेलीच नाही.

एका गटाचं उदाहरण

काठावरच्या एका गटाने गेल्या उन्हाळ्यात तीन वेल्डर बोलावले. पहिल्याने गाडीवरून न उतरताच सांगितलं, "दोन दिवसांत करून देतो." दुसऱ्याने दिसणारी चार भोकं मोजली आणि भोकामागे भाव सांगितला. तिसऱ्याने विचारलं, "होडी उलटी करता येईल का? आत पावसाचं पाणी कुठं साचतं?" मग हातोडी मागितली, तळावर अर्धा तास ठोकत फिरला, खडूने गोल काढले आणि म्हणाला, "तळाचा मधला पट्टा पूर्ण बदलावा लागेल." त्याचा खर्च दुसऱ्याच्या तिपटीवर जात होता.

सगळ्यांचे चेहरे उतरले. एक ताई म्हणाल्या, "हा आपल्याला घाबरवून पैसे काढतोय." शंका चुकीची नव्हती. महाग सांगणारा नेहमी खरा असतो असं नाही. पण गटाने भांडण न करता एक ठराव केला : त्याने खडू मारलेल्या तीन ठिकाणी, आपण सांगू तिथेच, ड्रिलने भोक पाडून जाडी मोजायची, आणि या तपासणीची मजुरी वेगळी द्यायची. दोन ठिकाणी पत्रा निम्म्याहून कमी उरला होता. त्यांनी नवीन जाळ्यांची खरेदी पुढे ढकलली आणि तळाचा पट्टा बदलला. स्वस्त आणि महाग यांतून निवडण्याऐवजी त्यांनी खात्री करून निर्णय घेतला, हे शिकण्यासारखं आहे.

वेल्डर येण्याआधी आपण काय पाहायचं

होडी रिकामी करा. आतला गाळ काढून धुवा आणि उन्हात वाळवा. मग हे पाहा :

१. हातोडीने हलके ठोके मारत सगळीकडे फिरा. चांगला पत्रा 'ठण्' वाजतो. झिजलेला किंवा गंजाचे पापुद्रे धरलेला पत्रा 'थप्' असा मुका आवाज देतो. तिथे खडूने गोल करा.

२. पाणी जिथपर्यंत लागतं ती रेघ आणि आत पाणी साचतं तो खोलगट भाग, या दोन जागा आधी झिजतात. बाहेरून रंग चांगला दिसला तरी गंज आतून खात असतो.

३. पत्र्याला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या, म्हणजे फ्रेम, तळापासून सुटल्या आहेत का ते पाहा. फ्रेम सुटली असेल तर नुसतं भोक बुजवून उपयोग नाही.

४. जिथे शंका आहे तिथली जाडी मोजून घ्या. जाडी मोजायचं अल्ट्रासोनिक मीटर मिळालं तर उत्तम. नाही तर छोटं भोक पाडून मोजायचं आणि नंतर ते बुजवायचं. साधारण नियम असा : मूळ जाडीच्या चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त झीज असेल तर तेवढा पत्रा बदलायचा. ४ मिलीचा पत्रा ३ मिलीवर आला की तो बदलायच्या यादीत गेला.

ही यादी वहीत लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. तिन्ही वेल्डरना हीच यादी दाखवा. नाही तर एक जण चार भोकांचा भाव सांगतो, दुसरा अख्ख्या तळाचा, आणि आपण त्या दोन आकड्यांची तुलना करत बसतो.

कुणाला बोलवायचं?

गेट, ग्रील, पत्र्याचं शेड करणारा कारागीर गावात असतोच. त्याचा हात वाईट असतो असं नाही. पण गेटच्या जोडातून पाणी झिरपतं की नाही, हे त्याला कधी कुणी विचारलेलं नसतं. आपल्याला पाणी अडवणारा जोड हवा. म्हणून पाण्याचे किंवा दुधाचे टँकर, लोखंडी टाक्या, साखर कारखान्यातली रसाची टाकी आणि पाइप असं काम केलेला वेल्डर शोधा. होडीचं काम केलेला मिळाला तर फारच छान. आपल्या भागात कारखाने बरेच आहेत, त्यामुळे असे कारागीर आहेत. मात्र गाळप संपलं की कारखान्यांची दुरुस्ती सुरू होते आणि नेमके उन्हाळ्यातच ते गुंततात. त्यामुळे शिमग्याच्या सुमारासच बोलून ठेवा.

आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स असतो. प्रमाणपत्र असेल तर पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्याने केलेली टाकी किंवा होडी कुठे आहे ते विचारा आणि दोघीतिघी जाऊन पाहून या. मालकाला एकच विचारा, "किती दिवसांनी गळायला लागली?"

त्याला विचारायचे पाच प्रश्न

ठिगळ लावणार की कापून बसवणार? ठिगळ म्हणजे जुन्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवून कडेने जोडणं. काम झटपट होतं, पण दोन पत्र्यांच्या मध्ये ओल राहते आणि गंज आत झाकलेला वाढतो. तळासाठी योग्य पद्धत म्हणजे खराब भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढायचा आणि तेवढाच नवा तुकडा कडेला कड भिडवून बसवायचा. तुकड्याचे कोपरे गोल ठेवायचे. टोकदार कोपऱ्यावर ताण गोळा होतो आणि तिथून तडा जातो. तात्पुरतं ठिगळ लावायचंच असेल तर ते तात्पुरतं आहे असं वहीत लिहून घ्या.

पत्रा कोणता, किती जाडीचा? साधा माइल्ड स्टीलचा पत्रा हवा. बिलावर आयएस २०६२ लिहिलेला असेल तर चांगलं. जाडी मूळ पत्र्याएवढी. घरावरचा जस्ताचा पत्रा चालणार नाही. तो पातळ असतो, आणि जस्त जळून निघणारा पांढरा धूर छातीत गेला तर रात्री थंडीताप भरतो.

रॉड कोणता, आणि कसा ठेवता? पातळ पत्र्याच्या अशा कामाला ६०१३ जातीचा रॉड सर्रास वापरतात. ३-४ मिलीच्या पत्र्याला २.५ किंवा ३.१५ मिलीचा रॉड लागतो. कारागीर त्यांना बारा नंबर आणि दहा नंबर म्हणतात. रॉड कोरडा हवा. ओल्या रॉडने जोडात बुडबुडे राहतात. उघडं पाकीट जमिनीवर लोळत असेल तर तिथेच समजून घ्या.

पत्रा वाकू नये म्हणून काय करणार? तापलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्डिंग ओढलं तर पत्रा चुणी पडल्यासारखा ओढला जातो. जाणकार आधी चारी बाजूंनी टाके मारतो, मग थोडं इथे, थोडं समोरच्या बाजूला असं तुकड्यातुकड्याने काम करतो. गोधडीला आपणही आधी कच्चे टाके घालतो ना, तसंच.

होडी उलटी करणार की खाली झोपून काम करणार? डोक्यावरच्या पत्र्याला जोड मारणं सगळ्यात अवघड. जमेल तिथे होडी उलटी करून काम सोपं करून घेणारा वेल्डर शहाणा.

उत्तरं ऐकाच, पण तो आपल्याला काय विचारतो तेही ऐका. होडीत माणसं किती बसतात, इंजिन कुठे बसतं, वीज किती वेळ असते, आधी कुणी वेल्डिंग केलं होतं का, असं विचारणारा माणूस कामाचा विचार करतोय. आणि आपण प्रश्न विचारल्यावर "घरातल्या पुरुषमाणसाला पाठवा, त्याच्याशी बोलतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून वाटेला लावा. कर्ज आपल्या गटाच्या नावावर आहे.

तुकडा जोडून दाखवायला सांगा

तोंडी परीक्षा झाली की हाताची घ्या. आपल्या होडीला लागणाऱ्या जाडीच्या पत्र्याचे दोन तुकडे द्या. एक आडवा, त्यावर दुसरा उभा ठेवून एकाच बाजूने जोडायला सांगा. दुसरी जोडी उभ्या रेषेत जोडायला सांगा, कारण होडीच्या बाजू उभ्या असतात. सपाट जमिनीवरचा जोड बहुतेकांना जमतो.

थंड झाल्यावर पहिल्या जोडीतला उभा तुकडा, जोड ज्या बाजूला आहे त्याच बाजूकडे हातोडीने पाडायला लावा. जोड आतून उघडतो. तुटला तर घाबरू नका, आत पाहण्यासाठीच तोडतोय. लोखंड एकसारखं भरलेलं दिसलं तर हात चांगला. घावनाला जाळी पडावी, जोडाला नाही. भोकं दिसली, मध्ये काळी काचेसारखी मळी अडकलेली दिसली, किंवा जोड एका पत्र्यावरून खपलीसारखा अख्खा निघून आला, तर तो पत्र्याला लागलेलाच नव्हता.

या चाचणीचे पैसे द्या. कारागिराचा वेळ फुकट मागायचा नाही. चांगला वेल्डर चाचणीला रागावत नाही, उलट त्याला बरं वाटतं.

जिवाची काळजी : यात तडजोड नाही

खालच्या गोष्टी वेल्डरने स्वतःहून सांगायला हव्यात. नाही सांगितल्या तर आपण विचारायच्या.

- इंजिन आणि तेलाची टाकी होडीतून काढून लांब ठेवायची. रिकामी टाकी सुरक्षित नसते, आत वाफ राहते आणि तिचा स्फोट होतो.
- होडी तरंगावी म्हणून बंद कप्पे असतात, काहींत थर्माकोल भरलेला असतो. बंद कप्प्यावर वेल्डिंग करायचं नाही. आतली हवा तापून कप्पा फुटू शकतो, आणि थर्माकोल पेटून विषारी धूर होतो. आधी कप्पा उघडायचा, थर्माकोल काढायचा.
- होडी पाण्यात किंवा ओल्या चिखलात असताना काम करायचं नाही. ओल्या लोखंडात बसून शॉक लागला तर सुटका अवघड. केबल कुठे सोललेली नको, हातमोजे आणि बूट कोरडे हवेत, अर्थिंगची चिमटी होडीलाच, कामाच्या जवळ लावलेली हवी.
- जोडाच्या दोन्ही बाजूंचा रंग दोन-तीन इंच घासून काढायचा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तोंडाला मास्क बांधायचा, लेकरं लांब ठेवायची.
- पत्रा धरायला उभं राहिलात तर वेल्डिंगची काच वापरा. उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते.
- वाळूची आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. वाळू तेलाच्या आगीसाठी, पाणी लाकूड-कापडासाठी. विजेच्या मशीनवर मात्र पाणी टाकायचं नाही.

वीज कमी दाबाने येत असेल तर जोड कच्चा राहतो. जनरेटर लागेल का, त्याचं डिझेल कुणाचं, हे आधीच ठरवा.

पैसे आणि कागद

निदान तीन दरपत्रकं घ्या आणि निवडीचा ठराव वहीत लिहा : कोणाला निवडलं आणि का. "सर्वात स्वस्त" हे कारण पुरेसं नाही.

रोजाने काम दिलं तर दिवस लांबतात. उक्तं दिलं तर घाई होते. मधला मार्ग असा : तपासणी आणि चाचणी वेगळी मजुरी देऊन करायची, मग यादीप्रमाणे उक्तं ठरवायचं. कापल्यावर जास्त खराबी निघाली तर काम थांबवून गटाला दाखवायचं आणि वाढीव भाव त्याच वेळी लिहायचा.

पत्रा शक्यतो गटाने विकत घ्यावा आणि वजन करून घ्यावा. हिशेब सोपा आहे : एक चौरस फूट, एक मिली जाड लोखंडी पत्रा साधारण ७३० ग्रॅम भरतो. समजा सहा फूट बाय दोन फूट, म्हणजे १२ चौरस फूट पत्रा ४ मिलीचा हवाय. १२ गुणिले ४ गुणिले ७३० म्हणजे सुमारे ३५ किलो. आपल्या मासळीच्या काट्यावर तो २६ किलोच भरला तर पत्रा ४ नाही, ३ मिलीचा आहे. बिल काहीही म्हणो, काटा खोटं बोलत नाही.

सगळी मजुरी आगाऊ देऊ नका. थोडी सुरुवातीला, थोडी अर्ध्या कामावर, थोडी गळतीची तपासणी झाल्यावर, आणि शेवटचा हिस्सा होडी पंधरा दिवस पाण्यात राहिल्यावर. रक्कम बँकेतून द्या, पावती घ्या.

गटाची होडी इंजिनाची असेल आणि थंडीत रोहित पक्षी पाहायला येणारे पाहुणे तुम्ही नेत असाल, तर इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ प्रमाणे नोंदणी आणि सर्वेक्षण लागतं. तळ कापण्याआधी सर्वेक्षण करणाऱ्या अधिकाऱ्याला कळवा.

काम झाल्यावर, रंगाच्या आधी

रंगाखाली सगळं झाकतं, म्हणून तपासणी आधी. जोडावरची मळी झाडून घ्या. बाहेरून जोडावर चुन्याचं किंवा खडूचं पाणी लावून वाळू द्या. आतून ब्रशने रॉकेल लावा, नाही मिळालं तर डिझेल. अर्ध्या-पाऊण तासाने पांढऱ्यावर ओला डाग उमटला तर तिथे जोड कच्चा आहे. तेल नीट पुसून, वाळवून मगच तिथला जोड घासून काढून पुन्हा मारायचा. वरून नुसता थर चढवायचा नाही. सगळं कोरडं निघालं की लगेच प्रायमर. उघडं लोखंड एका रात्रीत तांबूस होतं.

पहिल्यांदा पाण्यात सोडताना काठाजवळच ठेवा, माणसं न बसवता. दुसऱ्या दिवशी आत पाणी आहे का पाहा, मगच मासेमारीला न्या. आणि होडी नवी असो वा दुरुस्त केलेली, लाइफ जॅकेट माणशी एक.

'नको' कधी म्हणायचं?

फ्रेम ठिकठिकाणी गंजलेली असेल, निम्म्याहून जास्त तळ बदलावा लागत असेल, किंवा आधीच्या ठिगळांवर ठिगळं असतील, तर दुरुस्तीचा आणि दुसऱ्या होडीचा खर्च शेजारी लिहून पाहा. होडीवर जीव असतो हे मला माहीत आहे. काहींच्या घरात ती सासऱ्यांच्या वेळची आहे. पण कर्जाचा हप्ता होडी पाण्यावर चालली तरच निघतो. "ही आता होणार नाही" असं स्पष्ट सांगणारा वेल्डर स्वतःची मजुरी सोडून देतो. त्याचा नंबर जपून ठेवा.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या होडीच्या बदलायच्या भागांची यादी आणि फोटो तयार आहेत का? नसतील तर कोणत्या दोघी करणार?

२. टाकी किंवा टँकरचं काम केलेला वेल्डर आपल्या पंचक्रोशीत कोण आहे?

३. आपल्या होडीत बंद कप्पे आहेत का? त्यांत काय भरलंय?

४. पत्र्याचं वजन कोण करणार, काटा कुणाचा?

उत्तरं वहीत लिहून कर्जाच्या अर्जाला जोडा. 'वेल्डिंग खर्च' या एका ओळीऐवजी असं पानभर लिहिलेलं आलं, तर संघाच्या कर्ज समितीला निर्णय घेणं सोपं जाईल.